न चावणारे डास

रविवारी सकाळी विश्रांतवाडीच्या त्या सोसायटीचा हॉल खचाखच भरला होता. स्टेजवर जाळीचा पिंजरा, आत शेकडो डास, आणि त्यात कोपरापर्यंत हात घालून उभे असलेले वैजनाथ सर. भगवी कफनी नाही, जटा नाहीत. निळा कोट आणि कानाला माईक. मागच्या मोठ्या पडद्यावर त्यांचा हात दिसत होता. एकही डास चावत नव्हता. टाळ्या थांबेनात.

सर सांगत होते की त्यांनी ध्यानलहरींनी डासांच्या पोटात सात्त्विक जंतू वसवलाय, त्यामुळे हे डास अहिंसक झालेत. यांच्या अंड्यांचं भांडं गॅलरीत ठेवायचं, झाकायचं नाही, की डेंग्यू फिरकणारच नाही म्हणून समजा. डासांना ध्यान लागतं आणि आमच्या माणसांना दहा मिनिटं गप्प बसवत नाही, हे मात्र नवलच.

मी आले होते भाचसुनेला बघायला. कल्याणीला चार दिवस ताप होता, त्या सकाळीच उतरला होता. आणि तिचा नवरा, माझा भाचा बुद्धभूषण, हिंजवडीतला इंजिनिअर, खाली याच हॉलमध्ये खुर्च्या मांडत होता. रक्त तपासलंस का, विचारलं तर म्हणाला, "आत्या, साधा व्हायरल होता. आपल्या गॅलरीत सरांचं भांडं आहे. आपल्याकडे डेंग्यू होऊच शकत नाही."

मी संतापले. माझ्या वडिलांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात ना अंगारा, ना गंडा. तसं सुनावलं तर तो शांतपणे म्हणाला, "यात देव कुठंय? हे सायन्स आहे."

जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलंय मी. पुढे गेले आणि पिंजऱ्याला नाक लावून बघितलं. एकूण एक डासाच्या डोक्यावर पिसांसारख्या झुपकेदार मिशा. म्हणजे सगळे नर. नर डास फुलांचा रस पितो; रक्त लागतं मादीला, अंड्यांसाठी. त्या पिंजऱ्यात मीही खुशाल हात घातला असता.

तशीच वर त्यांच्या फ्लॅटमध्ये गेले. गॅलरीतल्या भांड्यात अळ्या वळवळत होत्या. खिडकीच्या काचेवर बसलेल्या डासांच्या मिशा बारीक, साध्या. माद्या. बुद्धभूषणला हाताला धरून वर आणलं आणि त्याच्या हातात माझ्या पर्समधलं भिंग दिलं.

"तो जंतू खरा आहे रे," मी म्हणाले. "वोल्बाकिया म्हणतात त्याला. शास्त्रज्ञ तो बारीक सुईने डासाच्या अंड्यात घालतात. मग तो आईकडून पिलांत उतरतो, आणि त्या डासांत डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही. पण ते डास चावायचं सोडत नाहीत. सरांच्या पिंजऱ्यात माद्या असत्या तर त्यांचा हात सुजला असता; तिथे सगळे नर आहेत, ते चावतच नाहीत. तसले डास आपल्याकडे विकत मिळत नाहीत. हे साधे डास आहेत, आणि ते तू पाळलेस."

त्याने पुन्हा भिंग लावलं. मग आतल्या खोलीत धावला. कल्याणी झोपलेली होती, हातपाय गार पडलेले. ताप उतरला म्हणून सकाळी तो खूश झाला होता. डेंग्यूत ताप उतरल्यावरच जास्त जपायचं असतं.

तिला तडक हॉस्पिटलमध्ये नेलं. डॉक्टरांनी शर्थ केली. मंगळवारी कल्याणी गेली. अजून तिशीही ओलांडली नव्हती पोरीने.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सगळी सोसायटी त्याच हॉलमध्ये जमली. वैजनाथ सरांवर आम्ही पोलिसांत तक्रार दिली होती, त्यांचा फोन बंद होता. तरी एक गृहस्थ माझ्या कानाशी येऊन म्हणालेच, भांडं चुकीच्या दिशेला ठेवलं असेल. तेवढ्यात बुद्धभूषण उभा राहिला.

"माझ्या घरात देव्हारा नाही," तो म्हणाला, "म्हणून मला वाटायचं, मला कुणी फसवू शकत नाही. पडद्यावर दाखवलं, शास्त्रीय वाटणारे शब्द वापरले, आणि मी मान डोलावली. पिंजऱ्यात एक तरी मादी आहे का, एवढं आपल्यापैकी कुणीही विचारू शकलं असतं. घरी जाल तेव्हा ती भांडी कोरड्या मातीवर ओता. आणि मी सांगतोय म्हणूनही मानू नका. भिंग घ्या, स्वतः बघा, विचारा."

मग खाली बघत म्हणाला, "कल्याणी मला म्हणाली होती, रक्त तपासून येऊ या. मी तिला हसलो होतो."