चढावरचा दुसरा दगड

"पयले चाकाखालचे दगड काढायचे. दोन्ही. कडंला टाकायचे, मग गाडीवर बसायचं."

माझे सासरे आश्रुबा दरवर्षी ऊसतोड सुरू होताना हे सांगायचे. ट्रॅक्टरची पूजा चाललेली असे, मी बॉनेटला हळदकुंकू लावत असे आणि ते माझ्याकडेच बघून बोलत. कारण चढावर ट्रॉली थांबली की उतरून दगड लावायचं काम माझं. त्यांना जाऊन चार वर्षं झाली.

पौषातल्या त्या संध्याकाळी नांदूरघाटच्या अलीकडच्या चढावर मी दोन दगड लावले आणि एकच काढला.

आमच्याच शेतातला ऊस होता. दोन ट्रॉल्या एकीमागं एक जोडलेल्या, उसाच्या हिरव्या शेंड्यांचं वाढं रस्त्याला घासत होतं. मी मडगार्डवर बसले होते. तिथं बसू नये हे मला कळतं, पण शेतातून घरी यायचं तर दुसरी सोय नसते. चढ अर्धा झाला आणि दोन ट्रॉल्यांमधल्या जोडाची पिन वर सरकली. गाडी माझे मालक चालवत होते. त्यांनी ब्रेक दाबून धरला. मी उतरून मागच्या ट्रॉलीच्या दोन्ही चाकांमागं दगड सारले. एक हातात मावेल एवढा, दुसरा पाट्याएवढा.

पिन ठोकून झाली. "बस लवकर. आता थांबली तर परत उचलायची न्हाई," ते म्हणाले.

लहान दगड मी नालीत टाकला. मोठा रस्त्याच्या मधल्या बाजूला होता. त्याच्याकडं वळेपर्यंत गाडी हलली. मी धावत जाऊन मडगार्ड धरलं.

वर बसले आणि पाहिलं तर सूर्य टेकडीमागं गेलेला.

सूर्य मावळल्यापासून मारुतीपुढं दिवा लागेपर्यंत बोलायचं नाही, हे माझं व्रत एकोणीस वर्षांचं. बाळंतपणात, आजारपणात, सासऱ्यांची तिरडी उचलली त्या दिवशीसुद्धा ते मोडलं नव्हतं. मी मालकांच्या खांद्याला हात लावून मागं बोट दाखवलं. स्पीकरवर गाणं मोठ्यानं लावलेलं. त्यांनी मागं न बघताच मान हलवली. "हो गं, कळलं. दिव्याच्या आत पोचवतो तुला."

मी पुन्हा खांदा हलवला. ते हसले. "तुझा मारुती काय पळून चाललाय व्हय?"

एक शब्द पुरला असता. मी तो बोलले नाही.

त्यांनी मला पारापाशी उतरवलं आणि कारखान्याच्या वाटेला लागले. मी दिवा लावला, हात जोडले आणि देवळाच्या पायरीवरूनच फोन केला. गाण्यात त्यांना ऐकू गेला नसावा. चौथ्या वेळी उचलला. "येताना काढतो," म्हणाले. येताना त्यांनी तो खरंच काढला आणि लांब ओढ्यात नेऊन टाकला. तोवर नांदूरघाटची सायली स्कूटीवरून येताना त्याच्यावर आदळून पडली होती. तिला दवाखान्यात नेलेलं होतं. रस्त्यावर तिच्या स्कूटीच्या काचा तेवढ्या राहिलेल्या, असं त्यांनी सकाळी चहा पिताना मला सांगितलं.

सायली आमच्या उपकेंद्रात नर्स आहे. गावातल्या निम्म्या लेकरांनी तिच्या हातची सुई घेतलेली. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. सकाळी पोलीस बघायला आले तर रस्ता साफ. दगड नाही, खड्डा नाही. लोकांनी आपापलं ठरवून टाकलं. "एका हातात हँडल आन् एका हातात मोबाईल. मग काय व्हणार?" उपकेंद्राच्या मोठ्या डॉक्टरांनीही तिच्याकडून लेखी खुलासा मागवला.

बारा दिवसांनी ती घरी आली. मी खडीसाखर घेऊन नांदूरघाटला भेटायला गेले. तिची आई कौशल्याबाई दारातच म्हणाली, "या तुळजाबाई. बघा, आमच्या राणीसाहेब. दगड होता म्हणती. समद्या गावाला न्हाई दिसला, हिलाच दिसला."

"आई, होता."

"मग कुटं गेला? पाय फुटले का त्याला?"

"फुटले असतील. मलाच न्हाई राह्यले." सायली भिंतीकडं तोंड करून म्हणाली.

कौशल्याबाई चहा ठेवायला आत गेली. सायलीनं माझ्याकडं पाहिलं. "मावशी, मोबाईल पर्समधी होता हो. पण आता मलाच वाटायला लागलंय, खरंच दगड होता का मला भास झाला. रातचं झोपेत बी तोच दिसतो. तुमच्या गाड्या त्याच रस्त्यानं जातात. कोणाला इचाराल का?"

"इचारते," मी म्हणाले.

"नुसतं इचारू नका. जे असंल ते मला येऊन सांगा. न्हाई म्हणले तरी सांगा."

"परवा सकाळी येऊन सांगते. देवाची आण."

ती जराशी हसली. "सकाळीच या. दिवस मावळायला आलात तर तुमी बोलणार न्हाई."

चहा तसाच ठेवून मी निघाले.

घरी मालक ट्रॉली जॅकवर उचलून टायर बघत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी टायरवर हातोडा आपटून बघितला.

"सांगून तिचं हाड जुळणार हाय का?"

"हाड न्हाई. पण तिला खोटी ठरवलीय, अहो. सख्ख्या आईनं."

"आन् मला गुन्हेगार ठरवतील त्याचं काय? परवाना जाईल. अर्धा हंगाम ऱ्हायलाय."

"दगड मी ठेवला व्हता. तुमी न्हाई."

"मग हे बी सांगणार का, की तोंड शिवून बसलीस म्हणून झालं? एकोणीस वर्षं गाव पाया पडतंय तुझ्या. सांग की."

ते रागानं बोलले, पण खोटं बोलले नाहीत. गेले बारा दिवस मी हेच स्वतःला सांगत होते, की गाडी त्यांनी हलवली, गाणं त्यांनी लावलं. दगड मला दिसत होता हे मी देवापुढंही म्हटलं नव्हतं.

"सांगते," मी म्हणाले. "ते बी सांगते."

त्या सांजेला मी देवळात गेले. वाटेत बायनाबाईच्या घरापुढं एक रिकामी ट्रॉली मागं दिवा नसलेली, अर्धी रस्त्यात उभी होती. दिवस मावळलेला. मी थांबले, दाराशी जाऊन हाक मारली आणि म्हणाले, "बायनाबाई, ट्रॉली कडंला घ्यायला सांग. अंधारात दिसणार न्हाई." ती माझ्या तोंडाकडं बघतच राहिली. नंतर मी दिवा लावला. वात दोनदा विझली.

तिसऱ्या दिवशी पहाटे अंघोळ, तुळशीला पाणी, सगळं नेहमीसारखं केलं. भाकरी टाकल्या. मालक अंगणात पिन जोडत होते. मी लुगडं बदलून बाहेर आले तेव्हा त्यांनी हातोडा खाली ठेवला.

"जीप मिळायची न्हाई इतक्या लवकर," ते म्हणाले.

"चालत जाईन. सकाळी येते म्हणाले व्हते."

"माझं नाव घेशील?"

"इचारलं तर घेईन. माझं आदी घेईन."

त्यांनी हातोडा परत उचलला. मी पदर डोक्यावरून घेतला, फाटक उघडून परत ओढून लावलं आणि रस्त्याच्या कडेकडेनं नांदूरघाटकडं चालायला लागले.