दहा वर्षांचं अंतर

बब्रुवानचा जन्म एक जूनचा. म्हणजे कागदावर. त्याच्या वर्गातल्या बत्तीस पोरांपैकी एकोणीस जण एक जूनलाच जन्मले होते, कारण शाळेत नाव घालायला आलेल्या बायांना तारीख सांगता येत नसे आणि गुरुजींना शाळा उघडायच्या आधीची एक सोयीची तारीख हवी असे.

"अख्ख्या अणदुरातल्या बाया एकाच दिवशी बाळंत झाल्या व्हय?" असं म्हणून त्याची आई सरुबाई पदर तोंडाला लावून हसायची.

गुरुजींनी साल घातलं होतं १९४६. सरुबाईचा हिशेब निराळा होता. रझाकारांच्या धामधुमीत ती सोलापूरच्या हद्दीत पळून गेली तेव्हा बब्रुवान तिच्या पाठीला बांधलेला होता, नुकता कुठं रांगायला लागलेला. म्हणजे तो सत्तेचाळीसच्या अखेरीचा. दीड वर्षाची चूक त्यानं कधी मनावर घेतली नव्हती.

एरवी तो चुका मनावर घेणारा माणूस होता. सहकारी साखर कारखान्यात तो केमिस्ट होता. उसाच्या रसात विरघळलेला साखरेचा अंश मोजताना आधी रसाचं तापमान बघावं लागतं, आणि तक्त्यात पाहून आकडा दुरुस्त करावा लागतो. बाकीचे तक्ता न बघताच आकडा लिहीत. बब्रुवान बघे. तो तक्ता त्याच्या प्रयोगशाळेतल्या टेबलाच्या खणात असे. पिवळा पडलेला, कडांना रसाचे डाग.

ब्याऐंशीच्या जानेवारीत केनियातल्या एका साखर कारखान्यानं त्याला नेमणुकीचं पत्र धाडलं. तीन खोल्यांचं घर, मुलीला शाळा, आणि बायको, मूल व आई अशा तिघांना सोबत आणायची मुभा. जूनच्या बारा तारखेचं विमान.

मग घराचं रूपच बदललं. सोलापुरातून आभाळी रंगाची सूटकेस आली, तिला स्वतःची किल्ली होती. नळदुर्गच्या शिंप्यानं टेरिलीनचा सूट शिवला. बब्रुवानची बायको महानंदा हिनं काळा चष्मा घेतला आणि तो घालून पाण्याला गेली, तेव्हा आडावरच्या बाया म्हणाल्या, "डोळे आलेत का गं?" सहा वर्षांची विशाखा काटा-चमच्यानं भाकरी तोडायचा प्रयत्न करी.

पण सगळ्यांत मोठी तयारी सरुबाईची होती. सगळा जन्म तिनं नऊवारी लुगडं नेसलं होतं. विमानाचं चित्र पाहून तिनंच सुनेला विचारलं, "म्हानंदा, ह्या शिडीवर लुगड्यात चढता यील का? का तुज्यावाणी नेसू?"

"नेसा की आत्याबाई. कासोटा न्हाय घालायचा, निऱ्या पुढं घ्यायच्या."

"कासोटा न्हाय तर मागनं वारं लागतंय की गं!"

रोज सकाळी अंगणात ती पाचवारी नेसून चालायचा सराव करी. ओसरीच्या खांबाला हात लावून वळायची, पुन्हा यायची. पायात नव्या चपला. एकदा निऱ्यांत पाय अडकून ती पडली, गुडघा फुटला. हळद लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा चालली. "इमानात पडले तर सगळ्यास्नी वाटंल, बब्रूची आई अडाणी हाय," असं म्हणाली.

एप्रिलात उरलेल्या खरेदीला चौघं सोलापूरला गेली. स्टेशनजवळच्या एका चांगल्या हॉटेलात बब्रुवाननं मुद्दाम सगळ्यांना नेलं. पांढऱ्या चादरीचं टेबल, घड्या केलेले रुमाल. शेजारच्या टेबलावर कारखान्याच्या एका बड्या इंजिनिअरची बायको बसली होती. सरुबाईनं खुर्चीवर मांडी घातली, चहा बशीत ओतला आणि वेटरला हाक मारली, "लेकरा, ही बशी लई उथळ हाय रं, दुसरी आण की." मग फडक्यातली शेंगाची चटणी काढून शेजारच्या बाईंपुढं धरली. "घ्या बाई. घरची हाय."

बाई "नको, नको" म्हणाल्या आणि त्यांनी आपली पर्स टेबलावरून मांडीवर घेतली.

बब्रुवाननं मान खाली घातली. त्याच्या जातीवरून, गावावरून, बोलण्यावरून कुणी नाव ठेवू नये म्हणून तो सारं आयुष्य इस्त्री करून वागला होता. त्या क्षणी त्याला विमानाची अरुंद रांग दिसली, आणि त्या रांगेत मांडी घालून बसलेली आई.

चौथ्या दिवशी कारखान्याच्या पत्त्यावर केनियाच्या वकिलातीचं पत्र आलं. शिवलेला सूट आणायला तो नळदुर्गला निघालाच होता. उभ्या उभ्याच त्यानं ते वाचलं. बायको आणि मुलीचा परवाना मंजूर होता. आईच्या अर्जावर हरकत होती. अर्जदार मुलाचा जन्म १९४६चा आणि आईचा १९३६चा. दोघांत फक्त दहा वर्षांचं अंतर कसं? तहसीलदारांसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र सहा आठवड्यांत पाठवावं.

हे छत्तीस साल कुठून आलं ते बब्रुवानला ठाऊक होतं. बहात्तरच्या दुष्काळात तो पुण्याला साखरेचा कोर्स करत होता आणि सरुबाई दुष्काळी कामावर खडी फोडत होती. चाळिशीपुढच्या बायांना खडीवर घेत नाहीत, अशी कुणीतरी आवई उठवली होती. एक्केचाळीस वर्षांच्या सरुबाईनं मस्टर लिहिणाऱ्या हरिबाला सांगितलं, "छत्तीस लिव्ह." तेच वय पुढं रेशनकार्डावर चढलं आणि तिथून पासपोर्टावर. त्या खडीच्या मजुरीतून त्याची फी भरली गेली होती.

दुरुस्ती सोपी होती. एक दिवस तुळजापूरला जायचं, हरिबाला सोबत न्यायचं. बब्रुवाननं पत्राची घडी केली आणि प्रयोगशाळेतल्या खणात तक्त्याखाली ठेवली. उद्या बघू, असं स्वतःला सांगितलं. पत्र काढलंच नाही, असं म्हणता येणार नाही. दोनदा काढलं, वाचलं, पुन्हा ठेवलं.

घरी सरुबाई रोज विचारी, "आला का रं माजा कागद?"

"न्हाय आला, माय. सरकारी काम हाय."

"येऊ दी सावकाश. तवर माज्या निऱ्या तरी नीट बसत्याल."

मेच्या शेवटी त्यानं सांगून टाकलं की आता तिचं काम या खेपेला होत नाही, तिकडं गेल्यावर बघतो. सरुबाईनं पायातल्या नव्या चपला काढून भिंतीशी ठेवल्या. मग म्हणाली, "बरं. विशीचे केस तेवढे रोज विंचरत जा म्हणावं म्हानंदाला. लई गुंता हुतोय."

दहा जूनला नळदुर्गच्या स्टँडवर ती निरोपाला आली तेव्हा तिनं नऊवारी लुगडं नेसलं होतं. बब्रुवाननं ते पाहिलं.

सोबत बंडप्पा होता. प्रयोगशाळेतला त्याचा जोडीदार, त्याच टेबलाचा, त्याच खणाचा. तो सूटकेसचं कौतुक करत होता. "अय्यो साहेब, हिच्यापुढं एस्टीच गबाळी दिसतीय!" पण बब्रुवानच्या डोळ्याला डोळा देत नव्हता.

सोलापूरची गाडी लागली. महानंदा आणि विशाखा चढल्या. सरुबाईनं ओच्यातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला. स्टँप पेपर. खाली जांभळा शिक्का, तिचा अंगठा आणि हरिबाची वेडीवाकडी सही.

"हे घे. हरिबाला घेऊन तुळजापूरला गेल्ते. त्यानं सायबाला सांगितलं, ह्या बाईनं खोटं वय सांगितलं, त्ये म्याच लिवलं म्हून."

बब्रुवाननं कागद उलटसुलट पाहिला. "तुला कुणी सांगितलं?"

"तुजी भाकरी घिऊन कारखान्यात आल्ते, तू उसाच्या पट्ट्यावर गेल्ता. बंडप्पाला म्हनलं, माजा कागद आला का बघ. त्यानं वाचून दावला."

"कवा?"

"म्हैना झाला."

"मग बोलली का न्हाईस, माय?"

"वाटलं, तू सांगशील." तिनं त्याच्या नव्या सुटाच्या कॉलरवरची धूळ बोटानं झटकली. मग एकदम हसली. "दहाच वर्सं थोरली म्या! कागदावर आई कुठली, थोरली बहीण हाय तुजी. बहिणीला कोण नेतंय इमानात?"

कंडक्टरनं घंटी मारली. खिडकीतून त्यानं पाहिलं. सरुबाई विशाखाला हात करत होती, त्याला नव्हे.

केनियात पोचल्यावर पहिलं काम त्यानं ते प्रतिज्ञापत्र धाडायचं केलं. चार महिन्यांनी परवाना आला. त्यानं लगेच गावी कळवलं, तिकिटाचं लिहिलं, मुंबईपर्यंत बंडप्पा सोबत येईल असंही लिहिलं. उत्तर बंडप्पाच्या हातचं होतं.

"आई म्हणतात, त्येला सांग, कागद दुरुस्त झाला ते ब्येस झालं. पण म्या येत न्हाय. चालायचं इसरले. पाचवारी हरिबाच्या सुनेला दिली, तिला शोभती. विशीला पापा."

त्यानं आणखी तीन पत्रं लिहिली. तीनही पत्रांत माफीचं वाक्य सुरू केलं आणि तीनही वेळा ते हवापाण्याच्या चौकशीत संपलं. परवान्यावर मुदत छापलेली होती: ३१ मे १९८३. ती संपली.

दुसऱ्या दिवशी एक जून. तिथल्या कारखान्यातल्या लोकांनी त्याच्या कागदांवरून तारीख काढून केक आणला होता. महानंदानं जॉर्जेटची साडी नेसली होती. विशाखानं काट्यानं, आता अगदी सफाईनं, केकचा तुकडा तोडला आणि विचारलं, "बाबा, आजी म्हणायची हा तुमचा खरा वाढदिवस न्हाय. मग खरा कधी?"

बब्रुवान आठवू लागला. आईनं कधीतरी सांगितलं होतं. हुरड्याचे दिवस होते, आणि आदल्या दिवशी कुणाची तरी गाय व्याली होती. कुणाची, ते त्यानं कधी विचारलं नव्हतं. हे सांगू शकणारं एकच माणूस होतं.

"आजीला विचारावं लागंल," तो म्हणाला.

"मग विचारा की," विशाखा म्हणाली.