पाच वाजताचा भोंगा

घाबरू नका बुवा, आज मी ओरडत नाहीये, बोलतोय. मी खाणीचा भोंगा. राजुऱ्याच्या अलीकडे कोळशाच्या खाणीभोवती जे शहर वाढलं, त्याच्या डोक्यावर एकतीस वर्षं बसून होतो. हल्ली खाणीच्या स्टोअरमागच्या गवतात पडलोय. तारा तोडल्या, मोटार काढून नेली, आता दिवसभर डुलक्या. फागुन लागलाय, पलीकडच्या रानातून मोहाच्या फुलांचा वास येतो आणि अर्धवट झोपेत मला एकच दिवस पुन्हा पुन्हा दिसतो. स्वप्न म्हणा, आठवण म्हणा, मला आता त्यातला फरक कळत नाही.

मी होतो तरी कसा? पत्र्याचं रुंद तोंड, पोटात मोटार, आणि खाली टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरीच्या खोलीत, माझं लाल बटण. सकाळी आठ, दुपारी चार, रात्री बारा. पाळी बदलली की एक मिनिट ओरडायचं आणि पुन्हा डोळे मिटायचे. माझ्यावर लोकांनी घड्याळं लावली, भात शिजायला टाकला, शाळेला उशीर झाला म्हणून पोरांना धपाटे घातले. पण नियम एकच होता. या तीन वेळा सोडून मी वाजलो, तर खाणीत काहीतरी झालंय असं समजायचं.

अपघातामुळे असा अवेळी मी आयुष्यात चारदा वाजलो. चारही वेळा घराघरातून बाया गेटकडे धावल्या. कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या कडेवर पोर. वरून मला सगळ्या दिसायच्या आणि मी मनात म्हणायचो, देवा, यांतल्या कुणाचा?

चौथ्या वेळी मुखरूभाऊ गेला, छत कोसळून. त्याची बायको आशाबाई धावत आली तेव्हा चार वर्षांची करिष्मा तिच्या पदराला धरून होती. मी अजून ओरडतच होतो. त्या एवढ्याशा पोरीने दोन्ही कानांवर हात दाबले, ते कितीतरी वेळ काढलेच नाहीत.

नवऱ्याच्या जागी आशाबाईला टाइम ऑफिसात लावून घेतलं. माझं बटण तिच्याकडे आलं. पहिल्या दिवशी तिने खिडकीतून वर पाहिलं आणि म्हणाली, "तूनंच बलावलं होतं नं मले?" माझा काही दोष नव्हता, तरी लाज वाटली.

करिष्मा मोठी झाली ती समोरच्या बास्केटबॉलच्या मैदानावर. खेळायच्या आधी पोरी सिमेंटवरची कोळशाची धूळ झाडत, तरी घरी जाताना तळवे काळेच. या पोरींच्या संघावर शहराचा भारी जीव. राज्याच्या अंतिम सामन्यात बावीस वर्षांत सहा वेळा गेलो आणि सहाही वेळा हात हलवत परत आलो. चहाच्या टपरीवर म्हणच पडली होती, "औंदा नाई तं पुढच्या साली!"

सहावी हार करिष्मामुळे झाली. एका गुणाने आपण पुढे, चेंडू तिच्या हातात, थोडेच सेकंद उरलेले. तेवढ्यात शेजारच्या मैदानावरचा हूटर वाजला. हूटर म्हणजे माझाच धाकटा भाऊबंद, वेळ संपली की ओरडणारा. पोरीने चेंडू टाकला आणि कानांवर हात घेतले. समोरच्या संघाने तो उचलून टोपलीत घातला. संपलं.

शहरात तिला कुणी शिवी दिली नाही. नुसते बोलेनासे झाले, ते जास्त लागलं. तिने बूट माळ्यावर टाकले. आशाबाईला कारण ठाऊक होतं आणि मलाही. पोरीचा खेळ माझ्या आवाजाने खाल्ला होता.

पण प्रशिक्षक इंदुताई घरी जाऊन धडकली. "काऊन रडून राह्यली व? चारचा भोंगा सुरू झाला का तू बॉल टाकाले लाग. तो थांबेपर्यंत तू थांबायचं नाई!"

"नाई होत, ताई. हात आपोआप कानावर जाते."

"जाऊ दे. उद्या परत टाक."

मग रोज चारला आशाबाई बटण दाबायची आणि खिडकीतून लेकीकडे बघत राहायची. करिष्मा रडत रडत चेंडू टाकायची. पहिला महिना एकही आत गेला नाही. मी आवाज बारीक करायला किती बघितलं! पण माझ्या गळ्याला बारीक स्वरच नाही हो. एक दिवस एक गेला. मग दोन. दिवाळीपर्यंत माझ्या एका मिनिटात ती नऊ-नऊ टाकू लागली, आणि मी तिच्यासाठी ओरडतोय असं मला उगाच वाटायला लागलं.

पौषात संघ सातव्यांदा अंतिम सामन्याला गेला. टाइम ऑफिसात एका मोबाईलभोवती तीस माणसं वाकली होती. वर मला नुसते आवाज येत होते. मध्येच सगळं इतकं गप्प झालं की लांबच्या सागाच्या रानातला सुतारपक्षी ऐकू आला. आपण एका गुणाने मागे. चेंडू करिष्माकडे. तिने टाकला, आणि चेंडू हवेत असताना हूटर वाजला.

"हात! हात पाह्य तिचे!" आशाबाई किंचाळली.

हात वरच होते. चेंडू आत गेला. अव माय! त्या क्षणी शहराने जो आवाज काढला, त्याच्यापुढे मी म्हणजे शिट्टी.

"आशाबाई, दाबा बटन! वाजवा भोंगा!" सगळे ओरडले.

तिने बटणावर आडवा हात धरला. "खबरदार! घरी बायका हायेत. जीव जाईन एखादीचा."

मला फार वाईट वाटलं. पुढच्या महिन्यात माझ्या जागी नवा हूटर बसणार हे ठरलं होतं. एकदा, एकदाच, चांगल्या बातमीसाठी अवेळी वाजावं, एवढीच माझी इच्छा होती. पण बाईचं खरं होतं.

तोड तिनेच काढली. साहेबांकडून एका मिनिटाची परवानगी घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून लटारूभाऊचा ऑटो कर्णा लावून गल्लीगल्लीत फिरला. "ऐका हो ऐका! आज पाच वाजता खानीचा भोंगा वाजनार हाय. खानीत काई झालं नाई! पोरी जिंकून येऊन राह्यल्या, म्हनून वाजनार हाय. कोनी घाबरू नोका, कोनी पळू नोका!" आठ फेऱ्या मारल्या त्याने. बहिऱ्यालाही पाठ झालं असेल.

चारची पाळी सुटली. खाणीतून वर आलेली माणसं घरी न जाता तशीच काळ्या तोंडाने गेटवर थांबली. ढोल आले, गुलाल आला. धुळीतून पोरींचा टेम्पो आला, वर तो चषक. करिष्मा उडी मारून उतरली आणि थेट टाइम ऑफिसात आली. "आई, आज मी दाबते."

पाच वाजले. तिने बटण दाबलं. मी छाती फाटेस्तोवर ओरडलो.

आणि काय सांगू! घराघरातून बाया धावत सुटल्या. सगळ्यांना माहीत होतं हो! आठ वेळा ऐकलं होतं! तरी धावल्या. पिठाच्या हाताने, विस्कटल्या केसांनी, पोरं कडेवर घेऊन. गुलालाच्या ढगात शिरून प्रत्येकीने आधी आपलं माणूस शोधलं, त्याच्या काळ्या तोंडावरून हात फिरवला आणि मग कुठे हसली. "मले मालूम होतं, तरी पाय आयकत नव्हते," म्हणत रडल्या, हसल्या, एकमेकींना गुलाल फासला.

खालून आशाबाईसुद्धा धावली. बटणाजवळ लेकीशेजारी उभी असलेली बाई, तीही धावली. गेटवर पोचली आणि थांबली. प्रत्येकीला तिचं माणूस सापडलं होतं. ही इकडे बघे, तिकडे बघे. माझा आवाज उतरत गेला, पण तिची नजर काही थांबेना.

करिष्मा मागून चालत आली. तिने आईचं तोंड दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवलं. "कोनाले पाहून राह्यली, आई? मी हावो नं. जितीजागती हावो."

चौदा वर्षांत आशाबाई गेटवर रडली नव्हती. त्या दिवशी रडली.

आता माझा निरोप घ्या. उद्या-परवा भंगाराचा ट्रक येईल, त्याचं मला काही नाही. तुमच्या गावातही माझा एखादा भाऊबंद वर बसला असेल, ज्याला सगळे भितात. एखाद्या चांगल्या दिवशी त्यालाही वाजवा. आधी ऑटो फिरवा मात्र, सगळ्यांना नीट सांगा. लोक तरीही धावत येतील. येऊ द्या.