गायरानावरचा कंपनीचा दरवाजा

मी दरवाजा बोलतोय. घाटंजी रस्त्यावरच्या परदेशी कंपनीच्या सूतगिरणीचा, दोन फळ्यांचा, लोखंडी.

नागपूरच्या वर्कशॉपमध्ये घडवून मला इथं तांड्याच्या गायरानावर उभं केलं. ते गायरान सरकारनं कंपनीला जवळजवळ फुकट दिलं होतं. वर वीज स्वस्त, कर माफ. बदल्यात एकच अट होती, सूत इथल्याच कापसाचं काढायचं. उद्घाटनाला मंत्र्यांनी ती छाती फुगवून वाचली. त्या वर्षांत कापसाला कुणी विचारत नव्हतं. म्हणून गायरान गेल्याचं दुःख गिळून तांड्यातल्या भुरीबाईनंही टाळ्या वाजवल्या.

पुढं कंपनी नुसतं म्हणाली, "अट जाचक आहे, आम्ही दुसऱ्या देशात जातो." झालं! सरकारची गाळण उडाली आणि अट गेली. एवढी लाचारी पाहून मला लोखंडालाही शिसारी आली. परदेशी कापसाच्या गाठी माझ्यातून आत जाऊ लागल्या. भुरीबाईची कापसानं भरलेली बैलगाडी मात्र बाहेरच उभी.

एकदा उद्योग खात्याचे साहेब पाहणीला आले. तिनं त्यांची गाडी अडवली.

"आमचा कापूस काहून नाई घेत?"

"बाई, परदेशी गुंतवणूक आहे. त्यांना दुखवून चालत नाही."

"अन् आमाले दुखवलं तं चालते?"

साहेबांनी गाडीची काच वर केली. असल्या माणसांसाठी मी उघडायचो!

करमाफी संपली, तशी कंपनी यंत्रं उचलून खरंच दुसऱ्या देशात गेली. तिथलं सरकार आमच्यापेक्षा खाली वाकलं म्हणे. इकडे सरकारनं गायरान परत दिलं नाही. मला कुलूप ठोकलं आणि दुसरी कंपनी शोधायला लागलं.

मग एका भर दुपारी भुरीबाई, तिचा नवरा खेमसिंग आणि अख्खा तांडा गुरं घेऊन आला. सोबत घाटंजीचा वेल्डर इम्तियाज. त्यानं माझ्या बिजागऱ्या कापायला घेतल्या.

चौकीदार घाबरला. "साहेबाले काय सांगू?"

"सांग, कंपनी पयाली. आमी इथंच हावो," भुरीबाई म्हणाली.

मी कोसळलो. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

आता तांड्यानं मला जवळच्या नाल्यावर पूल म्हणून आडवं टाकलंय. गुरं माझ्यावरून चरायला जातात. परवा तेच साहेब नव्या परदेशी पाहुण्यांना घेऊन आले.

पाहुण्यांनी विचारलं, "जमीन रिकामी आहे ना?"

"अगदी रिकामी," साहेब हसून म्हणाले. समोर गाई चरत होत्या आणि भुरीबाई साहेबांकडेच बघत होती.

मला पुन्हा उभं करायला कुणी आलंच, तर एवढंच मागणं आहे. आधी तिला विचारा.