कवी हरिबाची भेट

कवितेच्या इंग्रजी भाषांतराचं बक्षीस आनंदराव मास्तरांना लागलं, आणि त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली.

भोरच्या शाळेत शिकवता शिकवता त्यांचे केस पिकले होते. पोरं त्यांना आणि ते पोरांना कंटाळूनही बरीच वर्षं झाली होती. हौस अशी एकच उरली होती. तिथल्या शाळेच्या तपासणीला पालीला गेले की ते पाटलांच्या ओसरीवर मुक्काम करायचे, आणि पहाटे आत पाटलांची सून सगुणाबाई दळायला बसली की अंथरुणात उठून बसायचे. तिच्या ओव्या त्यांनी तिला विचारून उतरून घेतल्या, इंग्रजीत केल्या आणि मुंबईच्या एका सभेकडं धाडल्या. सुनेचं नाव छापून आलेलं पाटलांना खपलं नसतं, म्हणून वर नुसतं ‘पालीकडच्या ओव्या’ एवढंच घातलं. बक्षीस लागलं तर सभा पुस्तक छापून देणार होती. छापील पुस्तकावर आपलं नाव दिसावं, यापलीकडं मास्तरांना आता आयुष्याकडून काही वसूल करायचं नव्हतं.

घोटाळा झाला तो इथंच. सासुरवाशीण जात्यावर बसली की भावाचं नाव घेणारच.

वाजती गं टापा, कोण आलं दारी?
हरिबा माझा बंधू, घोड्यावर स्वारी.

मुंबईकर मंडळी अभंग वाचून शहाणी झालेली. शेवटच्या ओळीत नाव आलं म्हणजे ते कवीचंच, असा त्यांनी हिशेब केला. ‘पुरुषानं स्वतःकडं बहिणीच्या डोळ्यांनी पाहावं, ही केवढी कल्पकता!’ असं त्यांनी कौतुकानं लिहिलं. मास्तरांनी तेव्हाच खुलासा करायचा. पण बक्षीस बिचकून परत जाईल, या भीतीनं ते गप्प बसले. मग दुसरं पत्र आलं. मागं कुणीतरी स्वतःच्याच इंग्रजी कविता भाषांतर म्हणून खपवल्या होत्या. तेव्हापासून सभा कवीला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बक्षीस देत नसे. पुण्याहून एक साहेब भोरला येणार होता, कवी हरिबाला भेटायला.

मास्तर पालीला गेले.

"सगुणाबाई, तुम्हीच चला. रचलंत तुम्ही."

"नाव कुणाचं हाय त्यात?"

"भावाचं. पण..."

"मग? भावाला दिलेलं बहीण माघारी घेती व्हय? जात्यावर बसून त्याच्या नावानं घातलं, ते त्याचं झालं. मान बी त्याचाच. त्यालाच न्या, आन् जरा बऱ्या धोतरात न्या."

आतून तिची सासू बयाबाई बोलली, "घोड्यावर येतोय म्हनं भाऊ! इतकी वर्सं झाली, घोडं वाटंतच चरत बसलंय वाटतं."

सगुणाबाईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यात ती मुरलेली होती. मास्तरांनी पुन्हा पुन्हा विनवलं, पण ती उंबऱ्याबाहेर आली नाही.

हरिबा वेल्ह्याच्या वरच्या वाडीत शेरडं राखून होता. बहिणीचा निरोप आहे म्हटल्यावर का, कुठं, असलं काही न विचारता तो निघाला. मास्तरांना हायसं वाटलं, आणि वाटलं याची लाजही वाटली.

हेडमास्तरांच्या खोलीत साहेब चहा पीत बसला होता. मराठी त्याला गाडीवानाला हाका मारण्यापुरती येत असे. हरिबाला पाहून तो खुर्चीतून उठला. भोरात शेरडं राखणाऱ्यासाठी आजवर कुणी उठलं नव्हतं. रानात घोड्यावरून एकटं फिरताना ओव्या सुचतात की घरी बसल्यावर, असं त्यानं विचारलं. मास्तरांनी ते हरिबाला सांगितलं.

"मला?" हरिबा दचकला. "म्या शेरडं राखतो, सायेब. घोडं कुठलं माज्याकडं? ओव्या बहीण रचती, त्यो थाट बी तिनंच मांडला असंल. कैक दिवाळ्या झाल्या, तिच्या दारी गेलो न्हाई. रित्या हातानं कसं जायाचं?"

साहेब मास्तरांकडं बघू लागला.

हेडमास्तर आढ्याकडं बघत पुटपुटले, "नीट करून सांगा, मास्तर. त्याला मराठी काय कळतंय? पुस्तक निघतंय तुमचं."

मास्तरांना सुंदर वाक्य सुचलंही होतं. पण त्या वाक्यामागून काय काय येणार, तेही दिसत होतं. मुंबईचा समारंभ, हरिबाला शिकवून ठेवायच्या ओळी, पालीत पोचणाऱ्या बातम्या. खोटं म्हणजे दावणीला बांधलेलं जनावर, रोज उठून वैरण घाला. एवढी वैरण आता त्यांच्या अंगात नव्हती. हरिबा जे बोलला ते त्यांनी इंग्रजीत जसंच्या तसं सांगितलं, रित्या हातासकट.

साहेबानं मान डोलावली. त्याला वाईट वाटलं, ते खरंही असेल. पण नियम म्हणजे नियम. त्या बाई आल्या तर पुढच्या वर्षी पाहू, असं म्हणून त्यानं ओव्यांचे कागद परत दिले आणि दुसरा चहा मागवला.

बाहेर शाळेच्या कट्ट्याशी हरिबा थांबला. "माज्यापायी लई नुस्कान झालं व्हय तुमचं?"

"झालं खरं."

"पर मास्तर, ती म्हनती तरी काय माज्याबद्दल? म्या कधी ऐकलंच न्हाई. ती म्हननार सासरी, आन् म्या हिकडं डोंगरात."

मास्तरांनी आठवतील त्या ओव्या म्हटल्या, एकसुरी, फळ्याकडं बघून म्हटल्यासारख्या. हरिबा मान खाली घालून ऐकत राहिला. मधेच त्यानं हात वर केला.

"ऱ्हाऊ द्या. तुमच्या तोंडी ते शाळेवानी लागतंय. म्या तिच्याकडनंच ऐकतो."

"बयाबाई बोलतील हो."

"बोलू दे की."

आणि तो धोतराचा सोगा खोचून पालीच्या वाटेला लागला. आनंदराव कट्ट्यावर टेकले. उठायला हवं होतं, साहेबाची मोटार सुटायच्या आत त्याला नमस्कार करायला हवा होता. ते बसूनच राहिले.