निळ्या बुटांकडे चाललेलं बाळ

खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. टेबलाच्या एका टोकाला निळे बूट, सहा महिन्यांपूर्वी तापाने गेलेल्या पाच वर्षांच्या पोराचे. दुसऱ्या टोकाला तान्ह्या बाळांची पावलं बघून कोण परत आलंय ते सांगणारे पाऊलवाले बाबा, आणि त्यांच्या हातात त्या पोराचा बारा दिवसांचा धाकटा भाऊ.

घरभेटीला आलेली नर्स दारातच अडकली.

"परवा याने दोन पावलं टाकली, सिस्टर! बुटांकडे!" मांडीवरची आपली तान्ही लेक सावरत शेजारची शिंपीणबाई म्हणाली. "मोठाच परत आलाय. अख्ख्या गल्लीने पाहिलंय."

"आत्मा थेट वरून आलाय," बाबा डोळे मिटून बोलले, "मध्ये कुठे थांबला नाही. आता याला सुई टोचायची नाही. भोकातून निसटेल."

आत्मा आहे की सायकलची ट्यूब! नर्सच्या डोक्यात तिडीक गेली.

पण आज बाबांनी बाळाचे पाय टेबलाला टेकवले तेव्हा ते तसेच लुळे लोंबत राहिले. "रुसलाय," बाबांनी जाहीर केलं. "तीन दिवस डॉक्टरचं तोंड दाखवू नका."

नर्स गर्दी रेटत पुढे घुसली. बाळाच्या तळहातावर तिने बोट ठेवलं. मूठ वळली नाही. अंग गार. बेंबीवर बाबांच्या राखेचा थर आणि भोवती लालभडक.

"दूध कधी प्यायला?"

"काल सकाळी," आई म्हणाली, तेही हसत. मोठा गेला तेव्हा वॉर्डात याच नर्सने तिला धरून ठेवलं होतं. तेव्हापासून ही बाई एकदाही रडली नव्हती. "तो असाच रुसतो हो. पहिल्यापासून."

नर्सने बेंबीकडे बोट दाखवलं. "ताई, राखेतून जंतू गेलेत. आत्ताच्या आत्ता न्यायला हवं."

"न्या! आणि पुन्हा मारा त्याला!" बाबा गरजले. आईने बाळ हिसकावून छातीशी घट्ट धरलं.

भांडायला वेळ कुठे होता? नर्सने शिंपीणबाईपुढे हात पसरले. "तुमची लेक द्या जरा."

आठ दिवसांची ठणठणीत पोर. नर्सने तिला काखेत धरून उभं केलं, तळवे टेबलाला टेकवले, किंचित पुढे कलवलं. एक पाऊल उचललं. मग दुसरं, बुटांकडे.

"अगंबाई! हिच्यात कोण आलं?" शिंपीणबाई किंचाळली.

नर्सने पोरीचं तोंड फिरवलं. ती बाबांच्या चपलांकडे चालली. पुन्हा फिरवलं, तर कचऱ्याच्या बादलीकडे. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"कुणी आलेलं नाही. तळवे टेकले की नवं बाळ पाय उचलतंच. दोनेक महिन्यांत ते आपोआप थांबतं. कुठे चालायचं ते धरणारा ठरवतो. आणि आजारी बाळाला तेवढंही जमत नाही. हा रुसला नाहीये, ताई. हा मरतोय."

आई बुटांकडे बघत राहिली. "मग माझा मोठा?"

खोटं बोलावंसं वाटलं नर्सला, फार वाटलं. "तो गेला, ताई. तो परत येणार नाही."

त्या बाईने असा हंबरडा फोडला की बाबांनीही दाराकडे पाहिलं. रडत रडत, अनवाणीच ती बाळ घेऊन निघाली.

दवाखान्यात कारकुनाने बाळाचं नाव विचारलं. मोठ्याचं नाव तिच्या ओठांवर आलं, तिने ते गिळलं. "अजून ठेवलं नाही. नुसतं बाळ लिहा."

सुई टोचली. काही निसटलं नाही. बाळ जगेल की नाही ते चार दिवस कुणी सांगेना. पाचव्या दिवशी बाळाने दूध ओढलं.

महिन्याभराने पलीकडच्या गल्लीत बाबांचं टेबल पुन्हा मांडलं गेलं. गर्दीत सगळ्यांत पुढे बाळाची आई उभी होती, हातात निळे बूट घेऊन.

"हे माझ्या पोराचे," ती म्हणाली. "तो मेलाय. बायांनो, बाळ चालतंय का ते नका बघू. दूध पितंय का ते बघा. आणि डॉक्टरकडे जाऊ नका म्हणणाऱ्याला आधी विचारा, का म्हणून?"