गोलामागची जागा

वॉल्टरने एक डोळा मिटून चर्चचा मनोरा आणि कोपऱ्यातला दिव्यांचा खांब एका रेषेत आणला, मग जरा डावीकडे सरकून बुटाची टाच गवतात रोवली.

"इथे," तो म्हणाला.

डोरीनने मागे वळून पाहिलं. गोलाचे खांब त्यांच्या पाठीशी होते, जाळी उतरवलेली होती. खांबांपलीकडच्या पट्ट्यात काही कुटुंबं ओणवून माती उकरत होती. कुणी बरणी आणली होती, कुणी बिस्किटांचा डबा. सोमवारी यंत्रं येणार होती आणि नंतर इथे घरं उठणार होती. ज्यांच्या माणसांची राख मैदानात होती, त्यांना फुटबॉल क्लबने आजची दुपार दिली होती.

"सगळे गोलामागे खणताहेत," ती म्हणाली. "आपण गोलासमोर उभे आहोत, वॉल्टर."

"त्यांची माणसं आत्ताच्या गोलामागे आहेत. रॉनी जुन्या गोलामागे आहे."

"म्हणजे?"

"अगं, रस्ता रुंद केला तेव्हा स्टेशनाकडची बाजू कापली गेली. मग अख्खं मैदान इकडे सरकवलं. इथे पायऱ्या होत्या. गिरणीच्या भट्ट्यांची राख टाकून टाकून बांध केलेला, त्यावर पायऱ्या. आम्ही पोरवयापासून सामने बघायला इथेच उभे राहायचो. तो म्हणाला होता, मला आपल्या जागेवर ठेव. ठेवला."

"पेनल्टीच्या जागेपाशी?"

"तिथे पेनल्टी मारतात हा त्यांचा प्रश्न."

डोरीनला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचायला वेळ लागला. आठवडाभर ती घर आवरत होती. रविवारी मुलगी गाडी घेऊन येणार होती. पुढचं आयुष्य दक्षिणेला समुद्रकाठी, मुलीच्या वरच्या खोलीत काढायचं होतं. तिथे सामान फारसं मावणार नव्हतं. पण नवऱ्याला, रॉनीला, इथे विटांखाली सोडून जायचं नाही, एवढं तिचं ठरलेलं होतं. राख टाकली त्या दिवशी ती नव्या गुडघ्यासह इस्पितळात पडून होती. तो दिवस वॉल्टरने, तिच्या दिराने, एकट्याने निभावला होता.

तिने पिशवीतून कुंडी आणि खुरपं काढलं आणि एका हाताने वॉल्टरचा खांदा धरून हळूहळू खाली बसली.

"पुढच्या मोसमात इथे टक्कल पडलं," वॉल्टर वरून सांगत होता. "गवत उगवेचना. आमचा गोलकीपर त्यावर घसरला आणि गोल झाला. मागून कोणीतरी ओरडलं, हा गोल रॉनी हॅलमने खाल्ला!"

"राखेत क्षार फार असतात. एकाच जागी ओतलीस ना? पसरायची असते."

"तू शिकवलं नव्हतंस मला."

"तू शाळेत आला असतास तर शिकवलं असतं."

मैदानाची निगा राखणारा डेरिक हातगाडी ढकलत त्यांच्याकडे आला. डोक्यावरची टोपी त्याने काढली. केस पूर्ण पिकले होते, तरी तिच्यासमोर तो अजून रसायनशास्त्राच्या वर्गातल्यासारखाच उभा राही.

"मिस, मी खणून देऊ का?"

"प्रयोग स्वतः करायचा असतो, डेरिक."

"हो, मिस. पण मिस, ही जागा... ते टक्कल पडलं होतं ना, तेव्हा आम्ही इथली—"

"डेरिक," वॉल्टर म्हणाला, "तुझ्या खोलीत चहाचं पाणी ठेवलं होतंस. उकळलं असेल."

डेरिकने त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. टोपी डोक्यावर ठेवून तो हातगाडी तिथेच टाकून निघून गेला.

डोरीनने खुरपं मारलं. ते अडलं नाही. गवताचा तुकडा उचलून तिने खालची माती चिमटीत घेतली आणि सवयीने अंगठ्याने चोळली. फिक्या रंगाची वाळू होती, चाळलेली, सगळे कण एका मापाचे. तिने आणखी खोल खणलं. भट्टीच्या राखेचा एकही काळा कण नव्हता. या गावात कुठेही खणलं तरी काळं लागायचं; तिच्या परसातही. ही माती बाहेरून गाडी भरून आणलेली होती. टकलासकट सगळं खणून कुठेतरी टाकून दिलं होतं, आणि कुठे ते आता डेरिकलाही सांगता आलं नसतं.

तिने खुरपं बाजूला ठेवलं. गुडघा ठणकत होता.

"मिळतंय का?" वॉल्टरने विचारलं.

तिने मान वर केली. तो तिच्याकडे बघत नव्हता. हात कोटाच्या खिशात घालून, पाय रोवून, तो रिकाम्या मैदानाकडे तोंड करून उभा होता, जरासा उजवीकडे सरकून. डाव्या बाजूला त्याने एका माणसाला उभं राहता येईल एवढी जागा सोडली होती.

"मिळतंय," डोरीन म्हणाली.

तिने कुंडी काठोकाठ भरली. वरून गवताचा तुकडा बसवून दाबला, कडेची वाळू बोटाने पुसली. वॉल्टरने हात दिला तेव्हा ती उठली, आणि दोघं सावकाश फाटकाकडे चालू लागली. कुंडी तिच्याकडे होती. मध्ये दोनदा तो म्हणाला, दे, मी घेतो. दोन्ही वेळा ती नको म्हणाली.

फाटकापाशी ती थांबली.

"हे तू ठेव."

"मी? अगं, तू तर त्याला न्यायला..."

"माझ्या खोलीची खिडकी उत्तरेला आहे. गवत मरेल. तुझ्या स्वयंपाकघरात ऊन येतं."

वॉल्टरने कुंडी घेतली. बराच वेळ तो ती हातात तोलत राहिला. गवताची कड जराशी उचलून त्याने आत पाहिलं.

"डोरीन, यात खरं म्हणजे..."

"रोज पाणी घालू नकोस," ती म्हणाली. "वाळूतलं गवत आहे. वरून कोरडं दिसलं की मगच घाल."

त्याने गवताची कड पुन्हा नीट दाबून बसवली. रस्त्यावरून एक बस गेली. ती त्यांचीच होती, पण दोघांपैकी कोणीही हात केला नाही.